तेल महागले, मग शेअर का पडला? मुंबई हाय ते मलकापूर, तेल कंपन्यांच्या शेअरचे गणित

१३ जून २०२५, शुक्रवार. इस्राएलने इराणवर हल्ला केल्याची बातमी सकाळीच मोबाईलवर आली. दिवस संपेपर्यंत ब्रेंट कच्च्या तेलाचा भाव सात टक्क्यांनी वाढून बॅरलला ७४ डॉलरच्या घरात गेला. त्या सकाळी बाजार उघडताच मलकापुरातल्या माझ्या मावसभावाने उसाच्या बिलातले बाजूला ठेवलेले पैसे काढले, मोबाईलवरच्या अॅपमधून एका तेल कंपनीचे शेअर घेतले आणि दुपारी मला फोन केला.

“भावा, तेल वाढलंय म्हणतायत सगळीकडं. मग माझा शेअर लाल का दिसाय लागलाय?”

प्रश्न साधा आहे आणि तो एकट्या त्याचा नाही. मलकापूर हे कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावरचे, शाहूवाडी तालुक्याचे बाजारपेठेचे गाव. समुद्र इथून आंबा घाट उतरल्यावर पुढे लागतो, शेअर बाजार तर त्याहून लांब. पण डिमॅट खाते आता मोबाईलवर निघते, आणि ऊस, दूध किंवा मुंबईच्या नोकरीतून शिल्लक राहिलेला पैसा थेट बाजारात जातो. अशा वेळी ‘तेल वाढणार, तेल कंपनी घ्या’ असा मेसेज पुरेसा ठरतो.

भावाने घेतला होता पंपावर पेट्रोल-डिझेल विकणाऱ्या कंपनीचा शेअर. त्या दिवशी अशा कंपन्यांचे शेअर खाली आले आणि समुद्रातून व जमिनीतून तेल काढणाऱ्या कंपन्यांचे वर गेले. दोघींनाही आपण ‘तेल कंपनी’च म्हणतो. घोळ इथूनच सुरू होतो.

तेल कंपनी म्हणजे नेमकी कोणती?

उसाच्या भाषेत बोलू. ऊस पिकवणारा शेतकरी वेगळा आणि ऊस विकत घेऊन साखर करणारा कारखाना वेगळा. उसाचा दर वाढला तर शेतकरी खूश, पण साखरेचा भाव तेवढाच राहिला तर कारखान्याचा खर्च वाढतो आणि नफा आटतो.

तेलातही तसेच आहे. ओएनजीसी आणि ऑइल इंडिया या मुख्यतः ‘शेतकरी’ कंपन्या. त्या तेल आणि नैसर्गिक वायू शोधतात, काढतात आणि विकतात. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या ‘कारखाना’ कंपन्या. त्या कच्चे तेल विकत घेतात, रिफायनरीत शुद्ध करतात आणि पंपावर विकतात. भारत गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल आयात करतो, त्यामुळे या तिन्ही कंपन्यांचा कच्चा माल बहुतांशी परदेशातून आणि डॉलरमध्ये येतो. रिलायन्ससारखी कंपनी दोन्ही बाजूंना आहे, शिवाय तिचे टेलिकॉम आणि किरकोळ विक्रीचे मोठे व्यवसाय वेगळेच.

म्हणजे तेलाचा भाव वाढला की ‘शेतकरी’ कंपनीला फायदा होण्याची शक्यता असते. ‘कारखाना’ कंपनीला मात्र तो वाढीव भाव पंपावर वसूल करता आला तरच बरे.

याचा पुरावा काय?

एप्रिल ते जून २०२२ ही तिमाही बघा. रशिया-युक्रेन युद्ध सुरू होते आणि कच्चे तेल १०० डॉलरच्या बरेच वर होते. त्या तीन महिन्यांत ओएनजीसीला १५,२०६ कोटी रुपयांचा निव्वळ नफा झाला. आधीच्या वर्षीच्या त्याच तिमाहीच्या तिपटीहून तो जास्त होता.

त्याच तीन महिन्यांत हिंदुस्थान पेट्रोलियमला १०,१९७ कोटी रुपयांचा तोटा झाला. तेल महाग होत असताना पंपावरचे मूळ दर कंपन्यांनी वाढवले नव्हते. प्रत्येक लिटरमागचा फरक त्यांच्याच खिशातून जात होता.

गंमत अशी की हिंदुस्थान पेट्रोलियममधला निम्म्याहून अधिक हिस्सा ओएनजीसीचाच आहे. जानेवारी २०१८ मध्ये ओएनजीसीने केंद्र सरकारकडचा ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटी रुपयांना घेतला. म्हणजे एका खिशात नफा आणि दुसऱ्या खिशात तोटा, असे एकाच घरात चालले होते.

समुद्रातून तेल येते तरी कसे?

लग्नसराईत आहेराच्या पाकिटासाठी जपून ठेवलेली एक रुपयाची नोट घरात असेल तर उलटी करून बघा. मागच्या बाजूला समुद्रातल्या एका रिगचे चित्र आहे. ती ‘सागर सम्राट’. १९६० च्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या मदतीने खंबातच्या आखातात आणि परिसरात भूकंपलहरींनी समुद्रतळाची पाहणी झाली. पुढे १९७३ मध्ये जपानमध्ये बांधलेली ‘सागर सम्राट’ आली. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, जेमतेम ७५ मीटर खोल पाण्यात तिने पहिली विहीर खोदली आणि तेल लागले. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले. हेच मुंबई हाय, देशातले सर्वांत मोठे तेलक्षेत्र. ‘सागर सम्राट’चे नंतर तेल उत्पादनाच्या फिरत्या युनिटमध्ये रूपांतर करण्यात आले.

काम असे चालते. रिग तरंगत जागेवर येते, आपले लांब लोखंडी पाय समुद्रतळावर टेकवते आणि त्या पायांवर स्वतःला लाटांच्या वर उचलून घेते. मग समुद्रतळाखालच्या खडकात खोलवर भोक पाडले जाते. तेल लागले की तिथे कायमचा प्लॅटफॉर्म उभा राहतो आणि रिग पुढच्या जागी जाते. विहिरीतून वर येतो तो तेल, वायू आणि पाणी यांचा एकत्र लगदा. प्रोसेस प्लॅटफॉर्मवर ते वेगळे होतात आणि समुद्राखालच्या पाइपलाइनने उरणच्या प्रकल्पात पोहोचतात. माणसे जुहूवरून हेलिकॉप्टरने जातात, १४ दिवस काम करतात आणि १४ दिवस घरी येतात.

गुंतवणूकदाराला यातली एक गोष्ट लक्षात ठेवायची आहे. खर्च आधी होतो, आणि तोही डॉलरमध्ये. रिगचे भाडे, प्लॅटफॉर्म, पाइपलाइन, जहाजे हे सगळे तेलाचा पहिला थेंब येण्याआधी द्यावे लागते. विहीर कोरडी निघाली तर तो पैसा परत येत नाही.

विहीर म्हातारी झाली की काय होते?

लावणीचा ऊस जोरात येतो. तोडणीनंतर त्याच मुळ्यांवर खोडवा घेतला की उतारा कमी होतो, निडव्याला आणखी कमी. खत-पाणी वाढवून फरक थोडा भरून काढता येतो, पण लावणीचे दिवस परत येत नाहीत.

मुंबई हायचे सध्या निडव्याचे दिवस आहेत. १९८५ च्या सुमारास या क्षेत्रातून दिवसाला साडेचार लाखांहून अधिक बॅरल तेल निघत होते. २०२४ मध्ये हा आकडा सुमारे १ लाख ३४ हजार बॅरलवर आला. खडकातला दाब टिकवण्यासाठी समुद्राचेच पाणी खाली ढकलावे लागते, जुन्या विहिरींना नवे फाटे काढावे लागतात आणि गंजलेल्या पाइपलाइन बदलाव्या लागतात. तेल कमी आणि खर्च जास्त, अशी ही अवस्था.

म्हणूनच जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने ब्रिटनच्या बीपी कंपनीला दहा वर्षांसाठी तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून नेमले. तेल आणि वायू मिळून उत्पादन साठ टक्क्यांपर्यंत वाढू शकेल, असा बीपीचा अंदाज आहे. पहिल्या दोन वर्षांनंतर बीपीचा मोबदला वाढीव उत्पादनाशी जोडलेला आहे. मात्र अंदाज म्हणजे उत्पादन नव्हे.

समुद्रात अंदाज किती चुकू शकतो, याची दोन उदाहरणे बंगालच्या उपसागरात आहेत. रिलायन्सच्या कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी६ क्षेत्रातून एप्रिल २००९ मध्ये वायू निघू लागला. २०१० मध्ये तो दिवसाला सुमारे ६ कोटी घनमीटरवर गेला आणि आणखी वाढण्याच्या गोष्टी सुरू होत्या. चार वर्षांत तो एक चतुर्थांशाच्या आसपास उरला. खडकातली स्थिती कागदावरच्या नकाशापेक्षा वेगळी निघाली होती. दुसरे उदाहरण ओएनजीसीचे. याच खोऱ्यातल्या ९८/२ या खोल समुद्रातल्या ब्लॉकमधून पहिले तेल ७ जानेवारी २०२४ रोजी निघाले, तेही मूळ वेळापत्रक कित्येक वर्षांनी चुकवून.

तेव्हा ‘या कंपनीकडे इतके साठे आहेत’ असे वाक्य वाचले की पुढचा प्रश्न विचारायचा, ‘पण दरवर्षी काढते किती?’ ओएनजीसी दर तिमाहीच्या निकालात तेल आणि वायूचे उत्पादन जाहीर करते. तो आकडा वाढतोय की घटतोय, हे नफ्याच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे.

तेल वाढले की सगळा फायदा भागधारकाचा का?

नाही. मध्ये सरकार आहे. ओएनजीसीमध्ये केंद्र सरकारचा हिस्सा ५८.८९ टक्के आहे. मालकही तेच, कर लावणारेही तेच आणि महागाईची चिंता असणारेही तेच. उसाला एफआरपी ठरवणारा आणि साखरेच्या निर्यातीवर बंदी घालणारा हात एकच असतो, हे शाहूवाडीच्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

तीन दाखले पुरेत.

पहिला, अनुदानाचा भार. डिझेल, रॉकेल आणि गॅस सिलिंडर स्वस्त ठेवण्यासाठी ओएनजीसीला पेट्रोल कंपन्यांना कच्चे तेल सवलतीत द्यावे लागे. २०१३-१४ या एका वर्षात ही सवलत ५६ हजार कोटी रुपयांहून अधिक होती. तेल शंभर डॉलरवर असूनही ओएनजीसीच्या हातात त्यातले निम्मेही येत नव्हते. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल नियंत्रणमुक्त झाल्यावर हा भार हळूहळू सुटला.

दुसरा, विंडफॉल कर, म्हणजे अचानक मिळालेल्या जादा नफ्यावरचा कर. १ जुलै २०२२ रोजी सरकारने देशात निघणाऱ्या कच्च्या तेलावर टनाला २३,२५० रुपये कर लावला. एका टनात साधारण सव्वासात बॅरल बसतात. म्हणजे बॅरलमागे ३,१०० रुपयांहून जास्त, तेव्हाच्या दराने सुमारे ४० डॉलर. त्या एका दिवसात ओएनजीसीचा शेअर १३ टक्क्यांनी पडला. समुद्रात काही बिघडले नव्हते, एकही विहीर बंद नव्हती. हा कर पुढे दर पंधरवड्याला बदलत राहिला आणि २ डिसेंबर २०२४ रोजी रद्द झाला. जुन्या क्षेत्रातल्या तेलावरचा २० टक्के सेस आणि रॉयल्टी मात्र आहेतच.

तिसरा, वायूचा भाव. ओएनजीसीच्या जुन्या क्षेत्रांतल्या वायूचा दर एप्रिल २०२३ पासून आयात तेलाच्या सरासरी किमतीच्या दहा टक्के असा ठरतो, पण त्याला वरची मर्यादा आहे. सुरुवातीला ती साडेसहा डॉलर होती, एप्रिल २०२५ मध्ये पावणेसात झाली. त्यामुळे शहरात स्वयंपाकाचा पाइपगॅस आणि वाहनांचा सीएनजी आटोक्यात राहतो. ग्राहक म्हणून ते चांगलेच. भागधारक म्हणून मात्र तेल कितीही चढले तरी वायूची कमाई ठराविक रेषेवर थांबते, हे माहीत असायला हवे.

कागदावर न दिसणारी जोखीम कोणती?

समुद्र. २७ जुलै २००५ रोजी, मुंबईतल्या महापुराच्या दुसऱ्या दिवशी, मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर एका जखमी कर्मचाऱ्याला उतरवायला जहाज आले. लाटांमध्ये ते प्लॅटफॉर्मच्या वायुवाहिनीवर आदळले आणि आगीचा डोंब उसळला. दोन तासांत अख्खा प्लॅटफॉर्म समुद्रात कोसळला. २२ जणांचा जीव गेला, ३६२ जणांना वाचवण्यात आले. मुंबई हायच्या उत्पादनाचा मोठा हिस्सा काही काळ थांबला.

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबई हाय परिसरात पी-३०५ ही बार्ज बुडाली. तिच्यावर कंत्राटी कामगारांची राहण्याची सोय होती. त्या रात्री तिच्यावर २६१ जण होते. नौदल आणि तटरक्षक दलाने उसळत्या समुद्रातून १८६ जणांना बाहेर काढले. बाकीचे परतले नाहीत. कोकण आणि घाटावरून मुंबईला कामाला गेलेल्या घरांना ती बातमी कशी लागली असेल, हे सांगायला नको.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना ‘ऑफशोअर’ची नोकरी हवी होती. पगार चांगला, महिन्यातले १४ दिवस सुट्टी. त्या पगारात धोक्याची किंमत धरलेली असते, हे आम्हाला नंतर कळले. शेअरच्या भावातही ती धरलेली असते. जमिनीवरच्या एखाद्या कारखान्याला अपघात झाला तर रस्त्याने मदत पोहोचते. इथे १६० किलोमीटर पाणी मध्ये आहे.

वीस वर्षे ठेवला असता तर किती झाले असते?

हे गणित प्रत्यक्ष करून बघू. मार्च २००४ मध्ये केंद्र सरकारने ओएनजीसीतला दहा टक्के हिस्सा लोकांना विकला. भाव होता ७५० रुपये. सरकारला दहा हजार कोटींहून अधिक मिळाले आणि त्या काळातली ती देशातली सर्वांत मोठी समभाग विक्री ठरली.

समजा तेव्हा कोणी दोन शेअर घेतले, खर्च १,५०० रुपये. २००६ मध्ये दोनास एक बोनस मिळाला, शेअर झाले ३. २०११ मध्ये एका शेअरचे दोन तुकडे झाले, म्हणजे ६. त्याच वेळी एकास एक बोनस, म्हणजे १२. डिसेंबर २०१६ मध्ये पुन्हा दोनास एक बोनस, म्हणजे १८. प्रत्येक शेअर ८३ रुपये ३३ पैशांना पडला.

मार्च २०२०, करोनाची टाळेबंदी. शेअर ६० रुपयांच्या आसपास आला. १८ शेअरचे झाले १,०८० रुपये. सोळा वर्षांनंतर मुद्दलही पुरते नव्हते. हाती आला होता तो फक्त मधल्या काळातला लाभांश.

ऑगस्ट २०२४. शेअर ३४० रुपयांच्या आसपास. १८ शेअरचे झाले सुमारे ६,१२० रुपये. वीस वर्षांत चौपट, म्हणजे लाभांश सोडून वर्षाला साधारण सव्वासात टक्के. याच काळात सेन्सेक्स साडेपाच हजारांच्या आसपासून ८० हजारांवर गेला, म्हणजे चौदा पटींहून जास्त. पुढे आठ महिन्यांत, एप्रिल २०२५ मध्ये, ओएनजीसीचा शेअर सव्वादोनशेच्याही खाली उतरला होता.

यावरून ‘ओएनजीसी वाईट’ असा निष्कर्ष काढायचा नाही. २०२० च्या तळाला ज्याने घेतला त्याचे चार वर्षांत पाचपट झाले. मुद्दा असा की हा शेअर झाडासारखा संथ वाढत जात नाही, भरती-ओहोटीसारखा चढतो-उतरतो. ‘सरकारी कंपनी आहे, बुडणार नाही’ हे खरे असले, तरी कंपनी न बुडता तुमचे पैसे सोळा वर्षे अडकू शकतात.

लाभांश तर चांगला मिळतो ना?

मिळतो, आणि अनेक जण त्यासाठीच हा शेअर ठेवतात. २०२३-२४ या वर्षासाठी ओएनजीसीने शेअरमागे एकूण १२ रुपये २५ पैसे लाभांश दिला. सरकारलाही अर्थसंकल्पासाठी हा पैसा हवा असतो, त्यामुळे लहान भागधारक मोठ्या मालकाच्या पंगतीला बसतो.

पण हे मुदत ठेवीचे व्याज नव्हे. नफा घटला की लाभांशही घटतो. एप्रिल २०२० पासून लाभांश तुमच्या उत्पन्नात धरला जातो आणि तुमच्या करटप्प्यानुसार त्यावर कर लागतो. शेअर बारा महिन्यांच्या आत विकला तर नफ्यावर २० टक्के कर. बारा महिन्यांनंतर विकला तर वर्षाला सव्वा लाख रुपयांपर्यंतचा नफा करमुक्त, त्यावर साडेबारा टक्के. हे दर २३ जुलै २०२४ पासून लागू झाले आहेत.

शेअर कशाला, थेट तेलावरच पैसे लावले तर?

हा रस्ता सर्वांत निसरडा आहे. मल्टी कमोडिटी एक्स्चेंज, म्हणजे एमसीएक्सवर कच्च्या तेलाचे वायदे होतात. एक लॉट १०० बॅरलचा. पूर्ण रक्कम भरावी लागत नाही, थोडी अनामत ठेवून मोठा सौदा करता येतो. इथेच माणूस फसतो.

२० एप्रिल २०२० चा दिवस आठवा. जगभर टाळेबंदी, तेलाला गिऱ्हाईक नाही आणि साठवायला जागा नाही. अमेरिकेत तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. म्हणजे विकणाराच घेणाऱ्याला वर पैसे देत होता. आपल्याकडे टाळेबंदीमुळे एमसीएक्सचे व्यवहार संध्याकाळी पाचला बंद होत. त्या दिवशी शेवटचा भाव होता बॅरलला ९६५ रुपये. रात्री अमेरिकेत भाव कोसळत असताना इथल्या माणसाला सौदा सोडवताही आला नाही. अखेरचा हिशेब झाला उणे २,८८४ रुपये दराने. ९६५ ला एक लॉट धरून बसलेल्याचे एका रात्रीत ३ लाख ८४ हजार ९०० रुपये गेले. त्याचा अंदाज चुकला होताच, पण इतकी किंमत त्याने स्वप्नातही धरली नसेल.

शेअरच्या फ्युचर्स आणि ऑप्शन्सची गोष्टही फार वेगळी नाही. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासानुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या प्रकारात उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाला, सरासरी माणशी सुमारे दोन लाख. शेअर विकत घेतला तर जास्तीत जास्त घातलेले पैसे जातात. उधारीच्या सौद्यात न घातलेलेही जातात.

घेण्याआधी काय तपासाल?

कंपनी तेल काढते की विकते? हा पहिला प्रश्न. उत्तर उलटे असेल तर बातमीचा अर्थही उलटा होतो.

उत्पादन वाढते आहे का? भाव कंपनीच्या हातात नाही, उत्पादन थोडेफार आहे. मागच्या चार-पाच वर्षांचे आकडे शेजारी ठेवा.

बॅरलमागे कंपनीच्या हाती नेमके किती पडले? निकालात कंपनी हा भाव सांगते. टीव्हीवर दिसणारा ब्रेंटचा भाव आणि कर-सेस जाऊन उरलेला भाव यात बरेच अंतर असते.

रुपया कुठे आहे? तेल डॉलरमध्ये विकले जाते. रुपया घसरला की तेल काढणाऱ्या कंपनीला तेवढेच बॅरल विकून जास्त रुपये मिळतात, आयात करणाऱ्या कंपनीचा खर्च मात्र वाढतो.

बातमी आधीच भावात आली आहे का? युद्धाची बातमी तुमच्या ग्रुपवर येईपर्यंत मोठ्या खरेदीदारांची खरेदी झालेली असते.

हा पैसा कधी लागणार आहे? मुलीची फी, पुढच्या हंगामाची लागण, घराचा स्लॅब यासाठी ठेवलेला पैसा एका कंपनीत, त्यातही जिचे नशीब तेलाच्या भावावर आहे अशा कंपनीत, ठेवण्यासारखा नाही. ज्याला या क्षेत्रात थोडा हिस्सा हवा, त्याच्यासाठी अनेक क्षेत्रांत पैसे विभागणारा निर्देशांक फंड हा साधा पर्याय आहे. तेल कंपन्या त्यातही असतातच.

आणि टिप कोण देतो आहे? व्हॉट्सअॅप किंवा टेलिग्रामवर ‘हमखास’ नफा सांगणारा माणूस सेबीकडे नोंदणीकृत सल्लागार आहे का, हे सेबीच्या संकेतस्थळावर बघता येते. पैसे भरून फसवणूक झाली असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तातडीने फोन करा.

मावसभावाचे पुढे काय झाले?

त्याला त्या दुपारी सांगितले की, तू तेलावर नाही, तेल महाग होऊ नये यावर पैसे लावलेस. तो हसला, मग गप्प झाला. विकायची घाई करू नकोस, पण आधी कंपनी काय करते ते वाच, एवढेच मी सुचवले.

अकरा दिवसांनी, २४ जूनला, शस्त्रसंधीच्या बातमीने ब्रेंट पुन्हा ६७ डॉलरवर आले. युद्ध सुरू होण्याआधी होते त्याच्याही थोडे खाली. ज्यांनी १३ तारखेला उलट बाजूने, म्हणजे तेल काढणाऱ्या कंपनीत धावत जाऊन पैसे लावले, त्यांनाही एवढ्यात काही मोठे हाती लागले नाही. भावाचा संध्याकाळी फोन आला.

“आता तेल पडलं म्हणं. मग माझं वाढलं असंल?”

प्रश्न या वेळी बरोबर होता. इतके कळले तरी पहिली शिकवणी स्वस्तात झाली म्हणायची.

(हा लेख माहितीसाठी आहे. यात कोणताही शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा सल्ला दिलेला नाही. गुंतवणुकीचा निर्णय घेण्याआधी सेबी नोंदणीकृत सल्लागाराशी बोला.)